‘स्वतःबद्दल सांगा’ : रविवारच्या सराव वर्गाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वर्ग सुरू झाला. डिप्लोमा मेकॅनिकलची मुलं, बी.कॉम. झालेल्या मुली, एक आयटीआय फिटर, एक बीसीए. निम्मी इचलकरंजीतलीच, बाकीची कबनूर, चंदूर, यड्राव, कोरोची, रेंदाळ, हुपरीहून वडापनं नाहीतर दुचाकीवर येणारी. ही वही पुढं दुसऱ्या कुणाला वापरता यावी म्हणून लिहितेय, त्यामुळे यात कुणाचं नाव घालणार नाही. गावावरून ओळख पुरेशी आहे.

काम सरळ आहे. सप्टेंबरमध्ये कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या आणि शिरोलीतल्या काही कंपन्या भरतीला बसणार आहेत. तांत्रिक फेरी ही मुलं काढतात, एचआरला, म्हणजे मनुष्यबळ विभागाच्या मुलाखतीला, गळतात. मी बरीच वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसले आहे, त्यामुळे गळती कुठं होते ते ठाऊक आहे. एक, पहिल्या दोन मिनिटांत. दुसरी, पगाराचं विचारल्यावर.

सोबतीला वक्तृत्वाचे सर आहेत. निवृत्त शिक्षक, शाळेच्या पोरांना स्पर्धांसाठी तयार करण्यात हयात गेली. त्यांचा सगळा भर आवाजावर, माझा मजकुरावर. पहिल्याच दिवशी जिन्यात आमची थोडी जुंपली. होईल जमवाजमव.

आज एकेकाला उभं करून एवढंच सांगितलं, स्वतःबद्दल बोला. चंदूरचा उठला. “गुड मॉर्निंग, मायसेल्फ...” म्हणून नाव, गाव, वडिलांचा धंदा, दहावीचे टक्के, डिप्लोम्याचे टक्के, हॉबी क्रिकेट आणि म्युझिक, स्ट्रेंथ हार्ड वर्क, थँक्यू. त्याच्यानंतर रेंदाळचा. तेच. त्याच्यानंतर कबनूरचा. तेच, फक्त वर्करच्या जागी फार्मर. विचारल्यावर कळलं, सगळ्यांनी एकाच झेरॉक्सवरून पाठ केलंय आणि ती झेरॉक्स तीन बॅचेसपासून फिरतेय. एचआरवाल्यानं हे दिवसातून वीस वेळा ऐकलेलं असतं, आणि यातलं सगळं समोरच्या बायोडाट्यात छापलेलं असतं. मी तर एवढ्या वेळात पुढच्या उमेदवाराचा कागद वाचून घ्यायची.

घरचा अभ्यास: गेल्या वर्षभरात स्वतःच्या हातानं केलेलं एक काम, ज्यात काहीतरी अडलं होतं किंवा बिघडलं होतं. एक पान, मराठीत.

१५ जून

निम्म्यांची पानं कोरी. “मॅडम, सांगण्यासारखं काही न्हाईच.” फ्रेशर म्हटलं की आपल्याकडं काही नसणारच, असं यांनी मनाशी ठरवूनच टाकलंय.

यड्रावच्या मुलीचंही पान कोरं होतं. बी.कॉम., टॅली येतं, जीएसटीचा कोर्स केलाय. घरी आठ माग, खर्चीवर चालणारे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आपले, आणि विणून दिलेल्या कापडाची मजुरी मिळते. तिला खुर्चीवर बसवून गप्पा मारल्यासारखं विचारत गेले.

घरी हिशोब कोण बघतं? मीच. किती वर्षं? अकरावीपासून. काय काय लिहितेस? कामगारांचा पगार, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) कधी चढला कधी उतरला, तागे किती गेले. पगार कसा काढतेस? पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर, मीटरमागे दर असतो. कधी काही अडलं का? इथं ती थांबली, मग म्हणाली, “अडलं म्हणजे... व्यापाऱ्याकडं मीटर कमी भरायचे.”

मग सगळं बाहेर आलं. मागावर मोजलेला तागा आणि व्यापाऱ्यानं घडी घालून मोजलेला तागा यांत फरक पडतोच, कारण कापड मागावरून उतरलं, ताण गेला की थोडं आखडतं. तेवढं सगळे धरून चालतात. पण काही ताग्यांत फरक जास्त यायचा आणि मजुरी तेवढी कापली जायची. वडील म्हणायचे, चालायचंच. हिनं वहीत प्रत्येक ताग्याला तीन रकाने पाडले: मागावरचे मीटर, तिकडचे मीटर, फरक. दोन-तीन महिन्यांनी लक्षात आलं की जादा फरक ठरावीक दोन मागांच्याच ताग्यांत येतो. म्हणजे व्यापारी मापात मारत नव्हता, मागावरचं मोजमापच चुकत होतं. जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बोलावून ते नीट करून घेतलं. व्यापाऱ्याशी भांडायला निघालेल्या वडिलांना हिनं वही दाखवून थांबवलं.

हे सगळं सांगून वर म्हणते, “पण ही घरचीच कामं की, मॅडम.”

मी फळ्यावर लिहिलं: रिकन्सिलिएशन, म्हणजे दोन ठिकाणच्या आकड्यांचा मेळ घालणं. कंपनीत या कामाला पगारी माणूस ठेवतात. स्टोअर्स आणि अकाउंट्सचे आकडे जुळेनात म्हणून मार्च महिन्यात रात्री जागवलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग तिला उभं राहून हेच सगळ्यांना सांगायला लावलं. मघाशी झेरॉक्सवरचं म्हणताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. आता हवेतच तीन रकाने पाडून दाखवले, आणि मधेच हुपरीच्या पोरानं “घडीचं माप कसं घेतात?” विचारलं तर न अडखळता त्याला समजावून पुन्हा आपल्या मुद्द्यावर आली. सर माझ्याकडं बघून म्हणाले, “हिला आवाज आहे की.”

२२ जून

आज कागद बऱ्यापैकी भरून आले. कबनूरच्या मुलानं फाउंड्रीतल्या इनप्लांट ट्रेनिंगचं लिहिलं होतं. कास्टिंगला, म्हणजे धातू ओतून केलेल्या भागाला, ब्लो होल यायचे. त्याला काम दिलेलं फेटलिंगचं, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायचं, पण रिजेक्शनच्या ढिगाजवळच उभा असायचा म्हणून तो शिफ्टप्रमाणे काट मारत गेला. सोमवारच्या पहिल्या शिफ्टला काट जास्त. रविवारी पडून राहिलेली साच्याची वाळू कोरडी होते म्हणून सोमवारी सकाळी मिक्सरला पाणी अंदाजानं घातलं जातं, आणि वाळूत ओल जास्त झाली की वाफ कास्टिंगमध्ये अडकून पोकळ्या राहतात. हा कागद त्यानं सुपरवायझरला दाखवला.

इथपर्यंत उत्तम. शेवटी मात्र लिहिलं होतं, “त्यामुळे कंपनीचं रिजेक्शन पन्नास टक्क्यांनी कमी झालं.” खरंच? “न्हाई मॅडम, ट्रेनिंग संपलं तवर. पण कायतरी रिझल्ट लागतो ना?”

हा रिझल्टचा आग्रह त्या चार पायऱ्यांतून येतो, ज्या इंग्रजीत स्टार नावानं शिकवतात: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. पद्धत चांगली आहे, मीही तीच वापरते. पण परिणाम म्हणजे जे झालं ते. सुपरवायझरनं कागद ठेवून घेतला आणि सोमवारी वाळूची ओल तपासायला लावली, एवढंच झालं असेल तर एवढंच सांगायचं. पन्नास टक्के म्हटलं की मी लगेच विचारणार, आधी किती होतं? कुठल्या पार्टचं? किती महिन्यांचा आकडा? मग पोराला घाम फुटतो, आणि बघणारे म्हणतात, याला कॉन्फिडन्स नाही. बनावट उत्तर पहिल्या प्रश्नाला टिकतं, आणि एचआरवाला दुसरा विचारल्याशिवाय राहत नाही.

इंग्रजीची भीती हा सगळ्यांचा समान आजार. आज एक प्रयोग केला. कागदावरच्या मराठी वाक्यांतले धंद्याचे शब्द अधोरेखित करायला सांगितले. कास्टिंग, रिजेक्शन, शिफ्ट, मिक्सर, सुपरवायझर, इन्व्हॉइस, स्टॉक, बॅलन्स. म्हणजे अर्धं वाक्य इंग्रजीच होतं. उरली क्रियापदं: आय काउंटेड, आय नोटिस्ड, आय रोट, आय शोड. वहीत एवढ्या क्रियापदांची यादी झाली, महिनाभर पुरेल. जे मराठीत नीट सांगता येतं तेवढंच इंग्रजीत न्यायचं, हा नियम केला.

६ जुलै

आषाढी एकादशी, वर्ग नाही. रेंदाळचा देवळाच्या भजनात पखवाज धरतो, गाव समोर बसलेलं असतं, हात थरथरत नाही. तेच पोरगं वर्गात पंधरा जणांपुढं स्वतःचं नाव सांगताना घसा खाकरतं. भजनात त्याला आपली जागा माहीत असते आणि पुढचा ठेका ठाऊक असतो.

१३ जुलै

आज भीतीवरच बसलो.

जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये एक कसोटी प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत निरोगी माणसाला हमखास ताण कसा आणायचा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी साप-विंचू आणले नाहीत, विजेचे झटके दिले नाहीत. माणसाला सांगितलं, तुम्ही नोकरीसाठी आला आहात, या लोकांना पाच मिनिटं पटवून द्या की ही नोकरी तुम्हालाच का द्यावी. समोरच्या मंडळींनी चेहरा कोरा ठेवायचा, हसायचं नाही, मान डोलवायची नाही. कॅमेरा चालू. त्यानंतर पाच मिनिटं १०२२ मधून १३ वजा करत तोंडी उलटं यायचं, चुकलं की पुन्हा १०२२ पासून. लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दुप्पट ते चौपट चढलं. तेव्हापासून जगभर ताण मोजायला हीच कसोटी वापरतात.

मुलांना हे ऐकवल्यावर वर्गात आधी शांतता आणि मग खसखस. हुपरीचा म्हणाला, “म्हंजे आमी घाबरतोय ते बरोबरच हाय.” अगदी बरोबर. छाती धडधडणं, तोंड कोरडं पडणं हा शरीराचा धर्म आहे.

मग तीच कसोटी मांडली. सर, ग्रंथपाल काका आणि मी, तिघं दगडासारखे बसलो. ग्रंथपाल काकांना यात मुद्दाम काही करावं लागत नाही. हुपरीचा आला. बोलणं झालं, मग १००९, ९९६, ९८३, ९७०, ९६०... काकांनी फक्त “एक हजार बावीस” म्हटलं. पोरगं घामाघूम. थोड्या वेळानं पुन्हा बसवलं, तीच तीन तोंडं, तोच मजकूर. या खेपेला बोलताना काकांच्या चेहऱ्याकडं बघणं त्यानं आपसूक सोडलं आणि सरांच्या कपाळावर नजर ठेवली.

समोरच्याचा कोरा चेहरा म्हणजे नापसंती, असं धरून मुलं मधेच वाक्य सोडतात. मी त्या बाजूला असताना चेहरा कोरा असायचा कारण मी लिहीत असायची, किंवा जेवायची सुट्टी टळून गेलेली असायची, किंवा सगळ्या उमेदवारांना सारखी वागणूक द्यायची म्हणून तसंच ठरलेलं असायचं.

त्याच ट्रियरवाल्यांनी पुढं हेही दाखवलं की तीच कसोटी पुन्हापुन्हा दिली तर बहुतेकांचं शरीर सरावतं, काहींचं सरावत नाही. कोरोचीची मुलगी त्या काहींतली वाटते. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त गडबडली. तिच्यावर ‘अजून एकदा, अजून एकदा’ चालवायचं नाही. पुढचे दोन-तीन आठवडे तिनं बसूनच बोलायचं, समोर फक्त यड्रावची.

२० जुलै

चंदूरचा मोबाइलवर एक पोस्टर घेऊन आला: ‘संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के.’ व्यक्तिमत्त्व विकासाच्या कुठल्याही वर्गात हे भिंतीवर असतंच. आमच्या कंपनीत आलेल्या एका ट्रेनरनं तर यावर अख्खा दिवस काढला होता.

आकडे अल्बर्ट मेहराबियन यांचे, १९६७ मधल्या दोन छोट्या प्रयोगांतले. त्यांत माणसं भाषण करत नव्हती. एकेकटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून विचारलं होतं, बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही? आवड-नावडीच्या भावनेपुरते ते आकडे आहेत, आणि भाषणाला किंवा सगळ्या संवादाला ते लावू नका, हे स्वतः मेहराबियननीच सांगितलंय. सरळ विचार केला तरी कळतं. शब्द सात टक्केच असते तर तेलुगू सिनेमा सबटायटलशिवाय त्र्याण्णव टक्के कळला असता. चंदूरचा म्हणाला, “कळतोय की मॅडम.” बरं.

त्यापेक्षा कामाचा प्रयोग केनेथ सॅवित्स्की आणि टॉमस गिलोविच यांचा, २००३ चा. बोलणाऱ्याला वाटतं, आपली घबराट सगळ्यांना लख्ख दिसतेय. प्रत्यक्षात ऐकणाऱ्यांना तितकी दिसत नाही. आणि ही गोष्ट आधी सांगून मग भाषणाला उभं केलं, तर ती माणसं स्वतःच्या आणि ऐकणाऱ्यांच्याही मते बरं बोलली.

वर्गात करून पाहिलं. बोलून झालं की बोलणाऱ्यानं आपल्या घबराटीला दहापैकी गुण चिठ्ठीवर लिहायचे, ऐकणाऱ्यांनीही लिहायचे. कोरोचीच्या मुलीनं स्वतःला दहा दिले. ऐकणाऱ्यांच्या चिठ्ठ्या चार, पाच, तीन, पाच. तिनं चिठ्ठ्या दोनदा उलटून पाहिल्या, अक्षरं ओळखायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, “मला बरं वाटावं म्हणून लिहिलंय.” मग पुढच्या आठवड्यापासून चिठ्ठ्या सरांकडं बंद डब्यात गोळा करायचं ठरलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती. सरांनी त्यांच्या जुन्या शाळेत आमच्या मुलांना दोन-दोन मिनिटं बोलायची वेळ मागून घेतली होती. खरे श्रोते, तेही पाचवी ते आठवीचे. त्यांच्याइतके निर्दय परीक्षक कुठल्या कंपनीत मिळायचे नाहीत.

आधी शाळेची मुलं. “सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, मी जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्तानं ऐकून घ्यावेत, ही नम्र विनंती.” मग शेंगांची टरफलं. प्रत्येकाच्या भाषणात टरफलं, प्रत्येकाचा हात त्याच वाक्याला वर. पाचवीतली एक चिमुरडी ‘मी टरफलं उचलणार नाही’ नंतर अडकली, मागं जाऊन पुन्हा ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत’ पासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकली. माझ्या वर्गातलं झेरॉक्सचं मूळ इथं आहे. पाठांतराला पुढचं वाक्य सापडलं नाही की वळसा घालायला वाटच नसते.

सरांना हे म्हटलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, पाठांतर सोडा, पण उभं राहायला शिकतात की नाही? पोरानं दहाव्या वर्षी तीनशे जणांपुढं उभं राहून पाहिलेलं असणं लहान गोष्ट नाही. हे मला पटलं. वर्गातली जी मुलं शाळेत एकदाही स्टेजवर गेली नव्हती, त्यांचे पाय आज जास्त लटपटत होते.

चंदूरचा अण्णाभाऊंवर बोलला. वाटेगावचा मुलगा, शाळा नावापुरती, वडिलांबरोबर चालत मुंबई गाठली, गिरणीत काम केलं. कागदावर एवढंच होतं. बोलताना त्यानं पुढं आपलं जोडलं, की माझे वडीलपण मागावर रात्रपाळी करतात, सकाळी घरी आले की त्यांच्या केसांत कापसाचं पांढरं असतं, आई आधी टॉवेल देते मग चहा. मागच्या रांगेतली गडबड थांबली. तिथं बसलेल्या अर्ध्या पोरांच्या घरी तोच टॉवेल असणार.

त्याचं शेवटचं वाक्य मात्र कुणालाच ऐकू आलं नाही. वाक्य संपत आलं की आवाज गिळायचा, ही सवय वर्गातल्या सगळ्यांना आहे. सरांनी परतताना रस्त्यातच धडा दिला: श्वास वाक्याच्या आधी घ्यायचा, मधे नाही. क्रियापद पोचेपर्यंत आवाज खाली टाकायचा नाही. आणि वाक्य झालं की तोंड मिटायचं. ‘म्हणजे’, ‘आणि मग’ असं काही भरायचं नाही. मराठीत क्रियापद शेवटी असतं, तेच गिळलं तर केलं की नाही केलं ते कळत नाही. एचआरच्या खोलीतही हेच लागू. माझ्या वहीत सरांचं हे पान लाल शाईनं.

१० ऑगस्ट

नवीन लचांड. बीसीएच्या मुलाला एका कंपनीची लिंक आली: समोर माणूस नाही, स्क्रीनवर प्रश्न येतो, तयारीला अर्धा मिनिट, उत्तराला दीड मिनिट, आपोआप रेकॉर्ड. मान डोलावणारं तर सोडाच, कोरा चेहरासुद्धा नाही.

घरी करून बघितलं तर मागच्या खोलीत माग. खटक-खटक थांबत नाही, आणि चार वाजता बंद करायला सांगावं तर मजुरी बुडते. शिवाय मागाच्या घरातली माणसं मोठ्यानंच बोलतात, त्याशिवाय ऐकू येत नाही. रेकॉर्डिंग ऐकलं तर पोरगं भांडायला उठल्यासारखं. ग्रंथपाल काकांनी संदर्भ विभागाची खोली दिली. मोबाइल जाड शब्दकोशांच्या थप्पीवर, डोळ्यांच्या उंचीला. खिडकी तोंडासमोर, पाठीशी नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला यड्रावच्या मुलीला बसवलं आणि तिला सांगतोयस असं समजून बोल म्हटलं. फरक लगेच दिसला. आवाजही खाली आला, कारण ती हाताच्या अंतरावर होती.

दीड मिनिट म्हणजे किती, याचा कुणालाच अंदाज नाही. घड्याळ लावून मोजलं. सावकाश बोललं तर कागदाची जेमतेम पाऊण बाजू.

१७ ऑगस्ट

नकोशा प्रश्नांचा दिवस. मी एचआर, तेही त्रासलेली.

“तुमचा वीक पॉइंट?” सगळ्यांचं पाठ उत्तर, ‘मी फार परफेक्शन बघतो.’ हे उत्तर मी इतकं ऐकलंय की त्यानंतर मला काही ऐकू येत नाही. फिटर मात्र म्हणाला, “ड्रॉइंग वाचताना सेक्शन व्ह्यूला वेळ लागतो, म्हणून आधी कच्चं चित्र काढून घेतो.” घेतला असता.

“एक वर्ष गॅप का?” कबनूरच्याची एटीकेटी राहिली होती. तो कोविडवर ढकलायला बघत होता, तारखा जुळत नव्हत्या. विषय कोणता, कधी सुटला, त्या काळात काय केलं, तीन वाक्यांत संपतं. त्या काळात त्यानं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून ग्रामपंचायतीत काम केलं होतं, डिप्लोम्याला महिना ८ हजार विद्यावेतन. ते बायोडाट्यात लिहिलंच नव्हतं, ‘कंपनीतलं नाही म्हणून’. सहा महिने वेळेवर हजेरी लावून घरपट्टीच्या नोंदी संगणकावर चढवल्या, हे लपवायचं काय कारण?

“घर किती लांब? येणार कसे?” हा प्रश्न मुलांना गप्पा वाटतो. आमच्यासाठी मोठा आहे. नवा माणूस तीन महिन्यांत सोडून गेला तर भरतीचा खर्च पुन्हा. त्यामुळे ‘येईन कसंही’ हे उत्तर वाईट, आणि ‘हातकणंगल्यापर्यंत एसटी, पुढं मित्राची गाडी, पहिल्या पाळीला साडेपाचला निघावं लागेल’ हे चांगलं.

“लग्न झाल्यावर काय करणार?” मुलींना हमखास येतो, मुलांना कधीच नाही. विचारू नये असा प्रश्न, तरी विचारतात. सर म्हणाले, सडेतोड उत्तर द्यावं. यड्रावची म्हणाली, सडेतोड दिलं तर नोकरी जाईल आणि हसून गप्प बसलं तर झोप जाईल. शेवटी तिचं तिनंच ठरवलं: “काम करायचंच आहे, सर. या पदावरची व्यक्ती किती वर्षं राहावी अशी तुमची अपेक्षा आहे?” प्रश्न कामावर परत नेऊन ठेवला. मला हे सुचलं नसतं.

२४ ऑगस्ट

पगार.

“एक्स्पेक्टेशन किती?” विचारलं की सगळे “अ‍ॅज पर कंपनी नॉर्म्स”. कारण आकडा कसा बनतो तेच माहीत नाही. आज फळ्यावर एक ऑफर फोडून दाखवली. सीटीसी, म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा एकूण खर्च, वर्षाला २ लाख १६ हजार, म्हणजे महिना १८ हजार. बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३ हजार धरले. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, १५६०. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ६२५. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, कंपनीचा वाटा एकूण पगाराच्या ३.२५ टक्के. हे सगळं सीटीसीतच धरलेलं. ते काढलं की एकूण पगार (ग्रॉस) उरतो साधारण १५,३१७. त्यातून आपला पीएफ १५६०, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे ११५. हातात १३,६४२. मुलग्यांचा व्यवसाय कर आणखी २००. बायकांना महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो २०२३ पासून माफ आहे. बोनस सीटीसीत धरला असेल तर हातातली रक्कम आणखी खाली.

वर्गात एकदम कालवा. हुपरीचा म्हणाला, “म्हंजे अठरा सांगून साडेतेरा?” फसवणूक नाही, पीएफचा तुझा वाटा तुझ्याच खात्यात जातो, कंपनीच्या वाट्यातला बराचसा पेन्शन योजनेत. पण खोलीभाडं हातातल्या पैशांतून द्यायचंय, हे डोक्यात असलेलं बरं.

मग प्रत्येकाला स्वतःचा आकडा काढायला लावला: वडाप किंवा पेट्रोल, डबा, घरी द्यायचे, त्यावरून हातात किती हवेत, आणि उलटं चढत सीटीसी किती. त्यानंतर पुन्हा तोच प्रश्न एकेकाला विचारला. आज पहिल्यांदा कुणाचीही नजर जमिनीकडं गेली नाही. कोरोचीची मुलगीसुद्धा आकडा सांगून माझ्याकडं बघत राहिली. चार महिने आवाजावर आणि उभं राहण्यावर मेहनत घेतली असती तरी हे झालं नसतं. मी सरांना तसं म्हटलंही. सर म्हणाले, आकडा ऐकू आला ना सगळ्यांना? तो माझा वाटा.

पुढच्या रविवारी गौरी येतात, त्यानंतर विसर्जनाची धामधूम. वर्ग थेट भरतीनंतर.

१४ सप्टेंबर

भरती झाली. कबनूरचा फाउंड्रीत लागला, क्वालिटीत ट्रेनी. एचआरनं ब्लो होलवर चार प्रश्न विचारले आणि वाळूची ओल कशानं मोजतात हेही. हे त्याला आलं नाही, तसं त्यानं सांगितलं. हुपरीचा गळला. तांत्रिक फेरीतच गेला, त्यामुळे आमचं सगळं खिशात घेऊन परत आला. व्हर्नियर आणि लिमिट-फिटवर त्याला फिटर दर बुधवारी बसवणार आहे. रेंदाळचा वेटिंगवर. चंदूरच्याला पुण्याची ऑफर आहे, घरी रात्रपाळीचे वडील आहेत म्हणून जायचं की नाही ठरत नाही. बीसीएच्या रेकॉर्डिंगला अजून उत्तर नाही.

कोरोचीची मुलगी मुलाखतीला गेलीच नाही. सकाळी निघाली, फाट्यावरून परतली, आणि तसं मला स्वतः फोन करून सांगितलं. तिच्या लायकीचं एक बॅक ऑफिसचं काम ग्रंथपाल काकांच्या ओळखीत आहे, तिथं दोघांशीच बोलायचंय. मंगळवारी जाणार, यड्रावची दारापर्यंत सोबत करील.

यड्रावची एका कारखान्यात स्टोअर्स-अकाउंट्सला निवडली गेली. तीन रकान्यांची गोष्ट सांगितली. लग्नाचा प्रश्न आला, तिनं ठरवलेलं उत्तर दिलं, समोरचे साहेब थोडे थांबले आणि म्हणाले, किमान दोन वर्षं. पगार तोंडी १९ हजार सांगितला. तिनं विचारलं, सीटीसी की ग्रॉस? साहेबांनी मेलवर ब्रेकअप पाठवतो म्हटलं. तो अजून आलेला नाही. बुधवारपर्यंत वाट बघून ती फोन लावणार आहे. काय बोलायचं ते तिनं लिहून काढलंय, पण मला दाखवलेलं नाही.